इंजेक्शन दिलं

शाहूवाडीचं पाच दिवसांचं बाळ बेंबीतून रक्त वाहून दगावलं. दवाखान्यात फायलींना आजाराचे कोड लावणाऱ्या स्वप्नालीने त्याचे कागद उलगडले. असा रक्तस्राव होऊ नये म्हणून जन्मल्याबरोबर जे इंजेक्शन देतात, त्याच्यापुढे टिक होती.

ती फाईल घेऊन लेबर रूममध्ये गेली. "सिस्टर, ह्याला इंजेक्शन खरंच दिलतं का?"

"टिक हाय न्हवं? मग दिलंच की! कारण कळलं न्हाय, असा कोड लाव आणि हो मोकळी."

स्वप्नाली वळली. टेबलावर एक नवी फाईल उघडी पडली होती. त्यातही त्याच इंजेक्शनपुढे टिक होती.



पडद्यापलीकडे त्या फाईलवाली बाई अजून कळा देत होती.