परगावचं गिऱ्हाईक

वीस वर्षांनी थोरला घरी आला, तोही अप्पा गेल्यावर. धाकटा शिलाई मशीनवरून उठलासुद्धा नाही. पाय तेवढा पायडलवर उगाच हलत होता.

"अप्पांनी तुझं नाव टाकलं होतं. त्यांच्या शब्दाखातर मीही तुला कधी फोन केला नाही."

थोरल्याने हातातली पिशवी खाली ठेवली. गेला तेव्हा अगदी काडी होता, आता चांगलं पोट सुटलं होतं. प्रवासात घामाने शर्ट भिजलेला बघून आईने कपाटातला नवा शर्ट काढला.

धाकटा ताडकन उठला. "अगं, तो परगावच्या गिऱ्हाइकाचा आहे!"

दरवर्षी अप्पा त्या गिऱ्हाइकाचा एक शर्ट शिवायचे. माप वहीत नाही, सगळं तोंडपाठ. काजं-बटणं धाकट्याकडून करून घ्यायचे आणि स्वतः नेऊन द्यायचे. हा शेवटचा तेवढा राहून गेला होता.

थोरल्याने शर्ट चढवला. खांदे बरोबर, बाह्या बरोबर. पोटावरचं बटणही अलगद लागलं.

"आई, तुला माहीत होतं?" धाकट्याने विचारलं.

आई थोरल्याची कॉलर नीट करत राहिली.

"अबोला सगळ्यांनीच धरला होता रे. पाळलास तो तू एकट्याने."