वाचनालयाच्या वरच्या खोलीतला मायक्रोवेव्ह

शनिवार, २२ फेब्रुवारी. सकाळचे दहा वाजून दहा मिनिटे. वाचनालयाच्या वरच्या खोलीत मुले सात, पालक नऊ आणि आजोबा एक.

सातांपैकी एकही मूल स्वतःच्या पायांनी जिना चढून आलेले नव्हते.

नववी पालक म्हणजे आजोबांची सून. पहिल्यांदाच आलेली. दाराजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेवर ती बसली होती. तीन वर्षांची चिमणी मांडीवर, पिशवी खांद्याला. कोणत्याही क्षणी निघता यावे, अशी सगळी मांडणी. चिमणीच्या पोटात बसवलेल्या नळीतून दूध पोचवणारा लहानसा पंप खुर्चीच्या पाठीला टांगला होता आणि सुनेचा एक डोळा त्याच्यावर होता. नळीला पीळ पडला की तो पीं-पीं करी. घरात कुठेही काहीही वाजले तरी ती धावत सुटे, आणि ‘इतकं काय ते’ असे म्हणणाऱ्यांत आजोबाही होते.

गेल्या आठवड्यात ती गॅससमोर उभ्या उभ्या झोपली होती. बाहीचे टोक जळाले तेव्हा जागी झाली. तरीही चिमणीला ती कोणाच्या हाती देत नसे. नवऱ्याच्या नाही, की कारखान्यात जन्मभर फोरमन असलेल्या सासऱ्याच्याही नाही. आज तिने तासभर तरी हात मोकळे करावेत, एवढ्यासाठीच आजोबांनी मिनतवाऱ्या करून तिला अशा मुलांच्या पालकांच्या या बैठकीला आणले होते.

“बाबा, अर्धाच तास म्हणाला होतात,” ती कुजबुजली.

“आत्ता कुठे टेकलो आहोत, सूनबाई.”

इतक्यात पीं-पीं-पीं झाले.

सून चिमणीला छातीशी धरून ताडकन उठली. हात पंपावर गेला. पंप बिनतक्रार चालू होता. तिने ओशाळून मान वर केली आणि ती तशीच राहिली. खोलीतले नऊच्या नऊ पालक उभे होते. प्रत्येकाचा हात आपापल्या पोराच्या यंत्रावर. बस चालवणाऱ्या दादांचा हात तर नुसताच हवेत.

“अहो दादा, तुमच्या लेकाचा पंप काढून दीड वर्ष झालं की!” शिवणकाम करणाऱ्या ताई म्हणाल्या.

“त्याचा काढला हो. माझा कोण काढणार?” दादा खाली बसत म्हणाले. “आणि वाजला तो कोपऱ्यातला मायक्रोवेव्ह. दूध गरम करायला तुम्हीच ठेवलंत.”

हशा पिकला. सून हसली नाही. “सगळेच उठता?” तिने हळूच विचारले.

“सगळेच. परवा बँकेत घंटी वाजली, तर मी रांग सोडून मुलाकडे धावले,” ताई म्हणाल्या. “मुलगा घरी होता.”

आता मात्र सुनेच्या ओठांचा कोपरा हलला.

आजोबांना बिघाड दिसला की स्वस्थ बसवत नसे. चष्मा लावून त्यांनी मायक्रोवेव्हची बटणे तपासली. “याचा आवाज बंद करता येतो. हे बटण नुसतं दाबून धरायचं.”

“राहू द्या, आजोबा,” दादा म्हणाले. “नव्या माणसाला मग दुसरं काही समजावून सांगावं लागत नाही.”

ताईंनी खुर्ची सुनेसमोर ओढली. चिमणीला काय झाले आहे, कधीपासून, असले काही त्यांनी विचारले नाही. “झटका येण्याआधी काय करते ही?” एवढेच विचारले.

सुनेने चिमणीच्या मुठीकडे पाहिले. डॉक्टर विचारत ते झटका किती वेळ टिकला ते. “डावा अंगठा मुठीत घेते,” ती म्हणाली. मग मान कुठल्या बाजूला टेकवायची, नळी कुठून न्यायची, तेही सांगत गेली.

एका घरात राहून आजोबांना हे ठाऊक नव्हते.

“डावा अंगठा मुठीत,” ताईंनी म्हणून दाखवले. “मान उजवीकडे. नळी कोपराच्या वरून, खालून नाही. बरोबर?”

“दूध संपत आलं की आधी...”

“आधी पंप बंद, मग नळीला चिमटा. चुकलं काही?”

“नाही,” सून म्हणाली. “काहीच नाही चुकलं.”

आजोबांना कारखान्यातली पाळी बदलण्याची वेळ आठवली. जाणाऱ्याने सांगायचे, येणाऱ्याने तेच म्हणून दाखवायचे, आणि मगच जाणाऱ्याने यंत्रावरचा हात काढायचा. घरात ‘दे इकडे’ सगळ्यांनीच म्हटले होते. तिने सांगितलेले मात्र कोणी म्हणून दाखवले नव्हते.

सुनेने चिमणीला ताईंच्या मांडीवर दिले. तिचे हात थोडा वेळ कोपरात वाकलेलेच राहिले.

“त्या सोफ्यावर टेका,” ताई चिमणीवरची नजर न काढता म्हणाल्या. “डाव्या अंगाला बसा. उजवीकडे स्प्रिंग टोचते.”

आजोबांनी रजिस्टरच्या चौकटी आखाव्यात तशा खोलीतल्या चटया सरळ केल्या. दादांनी त्यांच्यासाठी थर्मासमधला चहा कपात ओतला आणि गरम करायला ठेवला. खोलीत गप्पा चालू होत्या: कोणाची व्हीलचेअर कुठल्या दारातून जात नाही, कोणाचे पोर काल पहिल्यांदा आवाजाच्या दिशेने वळले.

पीं-पीं-पीं.

पुन्हा खुर्च्या सरकल्या. चिमणीला सांभाळत ताईही अर्ध्या उठल्या. मग दादांनी ओठांवर बोट ठेवले आणि सगळे आवाज न करता, एकेक करून खाली बसले.

सोफ्याच्या पाठीवर सुनेची मान कलंडली होती. पिशवी खांद्यावरून घसरून मांडीवर आली होती.

दादांनी पुढे केलेला चहा आजोबांनी दोन्ही हातांनी घेतला. रोज सकाळी यंत्रांवरची माणसे मोजायची त्यांची जुनी सवय. तीही तेवढ्यात आपले काम करून गेली होती. उठलेले पालक आठ.