एकेचाळिसावी सुई

सुई भरून झाली होती. नानीबाई खाटेवर कुशीला वळली आणि तिने लुगडं कमरेवरून जरा खाली सरकवलं. सरलाबाईंनी रोजचा प्रश्न विचारला. कानात काही आवाज येतो का?

पडद्याबाहेर तिचा नवरा दलसिंग उभा होता. त्याने तो भिलीत विचारला. नानीबाई बराच वेळ बोलली. दलसिंग मराठीत एवढंच म्हणाला, काही नाही.

ही १९६१ सालची गोष्ट. नंदुरबारच्या त्या लहानशा दवाखान्यात भिली समजणारी नर्स नव्हती. सरलाबाई धुळ्याच्या. दलसिंग ठेकेदाराकडे लाकूडतोडीला जाऊन कामापुरती मराठी शिकला होता. मणिबेलीहून बायकोला झोळीत घालून तो आला, तेव्हा ती रक्त थुंकत होती. क्षय होता. चाळीस दिवसांत चाळीस सुया झाल्या. ताप गेला, खोकला उतरला, अंगावर थोडं मांस आलं. सुईतलं स्ट्रेप्टोमायसीन माणसाला मरणातून ओढून आणायचं, पण एखाद्याचे कान घेऊन जायचं. म्हणून तो प्रश्न.

सरलाबाईंनी स्पिरिटचा बोळा फिरवला. फरशी पुसणारी कमलीबाई हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली. ती डोंगरातली, भिली जाणणारी. कालच कामावर लागली होती.

"बाई, ती 'नही' म्हनत नही," ती हळूच म्हणाली. "तिना कान वाजी ऱ्हायनात."

सुई कातडीपासून बोटभर अंतरावर थांबली.

सरलाबाईंनी कमलीबाईला जवळ बोलावून पुन्हा सगळं विचारायला लावलं. आठ दिवसांपासून नानीबाईच्या कानांत रातकिडे ओरडत होते. उभी राहिली की जमीन नावेसारखी डुलायची. डाव्या कानाला तर चार दिवस काहीच ऐकू येत नव्हतं. हे ती रोज सांगत होती. तिला वाटायचं, बाई ऐकते, मान हलवते आणि तरी टोचते.

सरलाबाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या डाव्या कानाशी धरलं. नानीबाईने नाही अशी मान हलवली. उजव्या कानाशी धरलं. बऱ्याच वेळाने, टिकटिक ऐकू येते अशी खूण म्हणून, नानीबाईने एक बोट वर केलं.

भरलेली सुई ट्रेमध्ये परत गेली. डॉक्टर आले, त्यांनी ते औषध त्याच क्षणी बंद केलं आणि नुसत्या गोळ्या आणि पुड्या लिहून दिल्या. वेळ जास्त लागणार होता, पण आजार हटणार होता. हटलाही. दीड वर्षाने नानीबाई स्वतःच्या पायांनी मणिबेलीला गेली. डावा कान परत आला नाही. उजवा शाबूत राहिला.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी सरलाबाईंनी दलसिंगला ओसरीवर गाठलं. खोटं का बोललास, असं त्यांनी विचारलं. दलसिंग खाली बघत तुटक तुटक बोलू लागला. त्याच्या थोरल्या भावाला हाच आजार होता. अर्ध्यावर सुया थांबल्या आणि होळीच्या आत भाऊ गेला. बायको बहिरी झाली, तर हाताच्या खुणांनी संसार करायचा, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

"तिचे कान कायमचे जात होते," सरलाबाई म्हणाल्या. "कळत होतं ना तुला?"

"कळत होतं." दलसिंगने पहिल्यांदाच वर बघितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. "पहिल्या दिवशी तूच सांगितलं, बाई. कान वाजले की सुई बंद. दुसरं औषध आहे, ते नाही सांगितलं."