पोपटाची पिसं

बाईंनी नवं अ‍ॅप आणलं आणि चौथीच्या वर्गाला शिस्त लागली. मोठ्या पडद्यावर प्रत्येक मुलाचा एक पक्षी होता. कुणी बडबडलं, की बाई बोट लावून त्याच्या पक्ष्याचं पीस उपटायच्या आणि त्याच क्षणी घरी पालकांचा मोबाइल वाजायचा. पोरं पोट धरून हसायची. सगळ्यात बोडका होता तो मागच्या बाकावरच्या बडबड्या मुलीचा पोपट. पण पिसं गेली, की दुसऱ्या दिवशी ती बाकाला पाठसुद्धा न टेकता बसायची, म्हणून बाई सगळ्यांना तिचं उदाहरण द्यायच्या. आज शाळा सुटल्यावर ती आपणहून टेबलापाशी आली. “बाई, माझी या महिन्याची सगळी पिसं आजच उपटता का?” “अगं, आज तर तू शहाण्यासारखी बसलीस.” “हो, पण आजच उपटा ना,” ती बाईंना समजावत म्हणाली, “बाबांचा उजवा हात अजून प्लास्टरमध्ये आहे.”