बुधाजीची वही

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात बुधाजी गेला. तो काम करायचा त्या संशोधन संस्थेतल्या नव्या गणकयंत्राच्या स्मृतीत कुठला आकडा कुठल्या कप्प्यात ठेवायचा, कुठला कप्पा कधी रिकामा करायचा, ही सारी मांडणी त्याच्याच वहीत होती. ती आणायला त्याच्याबरोबर काम करणारी पद्मजा पंधरवड्यानं परळच्या चाळीत गेली. बुधाजीच्या आईनं लुगड्याच्या घडीतून वही काढली, पण हातातून सोडेना. “आधी बघा बाई, यात माज्यासाठी काय लिवलंय का?” पद्मजानं शेवटपर्यंत पानं उलटली. “नाही हो आई, सगळे यंत्राचे आकडे आहेत.” “मंग आकडेच वाचा. त्याच्या हातचं हाय.” पद्मजा पहिल्या कप्प्यापासून वाचू लागली. आई प्रत्येक आकड्याला हुंकार देत होती. शेवटच्या, अर्ध्याच भरलेल्या पानावर पद्मजा थांबली. “पुढं?” “पुढचं लिहायचं राहिलं.” “मंग पुढचं कुनाला ठावं हाय?” “कुणालाच नाही,” पद्मजा म्हणाली.