तीस दिवसांची कादंबरी

सिंदीत कापडाचं दुकान चालवणाऱ्या रक्षाने महिनाभरात कादंबरी लिहायचा चंग बांधला होता. रोज पहाटे चार पानं लिहायची आणि चहा घेता घेता सासूला, प्रमिलाबाईंना, वाचून दाखवायची. विसाव्या दिवशी तिने वही मिटली.

"आई, माह्याच्यानं होऊन नाई राह्यलं."

"काऊन? तुह्या कादंबरीतल्या त्या पोरीले कोर्टात तशीच उभी ठेवतं का? कालपासून मले जेवन जाऊन नाई राह्यलं!"

रक्षा खळखळून हसली आणि पुन्हा लिहायला बसली. तिसाव्या दिवशी शेवटचं पान वाचताना तिचा आवाज आनंदाने कापत होता. प्रमिलाबाईंनी डोळे पुसले, दार लोटून घेतलं आणि तिच्याजवळ सरकल्या.

"आता नवी वही काढ. सोळा वर्षांची असताना मी घरून पळून गेलती. लिही."