चौदा नंबरची पाटी

चौदा नंबरचा उंदीर शुक्रवारी मेला, की व्हर्ना लिंडक्विस्टला डॉक्टरेट मिळणार होती. तो जगला असता तर तिच्या पदरात फक्त एक उंदीर पडला असता.

त्याला तिनेच तयार केलं होतं. ओट्यावरून समोरच्या दोन पुठ्ठ्यांपैकी एकावर झेप घ्यायची; एकावर त्रिकोण काढलेला, दुसऱ्यावर वर्तुळ. त्रिकोणावर घेतली तर पुठ्ठा मागे पडतो, तिथे खाऊ. वर्तुळावर घेतली तर नाक आपटून खाली जाळ्यात. पुढे व्हर्नाने त्रिकोण उलटा केला, नुसत्या रेषांचा केला, शेवटी तीन ठिपक्यांवर आणला. बाकीचे उंदीर गोंधळले. चौदाने दर वेळी त्रिकोण ओळखला.

म्हणूनच प्रोफेसर हाल्वरसनना त्याचा मेंदू कापून पाहायचा होता.

"ह्याला तुझं आडनाव लावू का, बाई?" पिंजरे धुणारा ओटो तिला चिडवायचा. "शेपटीवरचा खुणेचा रंग तर केव्हाच गेला. पिंजऱ्यावरची पाटी काढली, तर सगळे पांढरे भाऊ सारखेच."

हे तिच्या डोक्यात बसलं. गुरुवारी दुपारी सगळा विभाग ल्युथरन चर्चमध्ये माशाच्या जेवणाला गेला, तेव्हा तिने चौदा आणि बावीस यांच्या पाट्यांची अदलाबदल केली. आत पाहिलं नाही. बावीसच्या नजरेला नजर द्यायची हिंमत नव्हती.

शुक्रवारी प्रोफेसरांनी पाटीवरचा चौदा आकडा मोठ्याने वाचला आणि उंदीर नेला.

त्यानंतर बावीसच्या पाटीमागच्या उंदराला व्हर्ना रोज पावाचा तुकडा द्यायची. तो तिच्या हातावर येईना. रुसला असेल, असं ती धरून चालली. झोप मात्र तिची गेली.

तिसऱ्या आठवड्यात प्रोफेसरांनी प्रबंधावर सही करायला पेन उघडलं.

"सर, थांबा. तो मेंदू चौदाचा नव्हता. मी पाट्या बदलल्या होत्या. प्रबंध खोटा आहे, मला काढून टाका."

हाल्वरसन चष्मा पुसत बसले.

"कधी बदलल्यास?"

"गुरुवारी. तुम्ही सगळे चर्चला गेल्यावर."

"मग प्रबंध खरा आहे, व्हर्ना." त्यांनी चष्मा परत घातलाच नाही. "तीस वर्षांत पहिल्यांदाच एक उंदीर मला मारवेना. बुधवारी संध्याकाळी त्याच दोन पाट्या मी बदलल्या होत्या."

त्यांनी सही केली. एकाची दया चौदाला पुरली असती. दोघांच्या दयेने तो जिवानिशी गेला.